पुटरला जाड मूठ

सुभेदारांनी मला कधी फुकट काही दिलं नव्हतं, आणि मीही त्यांना दिलं नव्हतं. आमची मैत्री टिकली ती याच पायावर. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी आपल्या गोल्फच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या वेष्टनातली एक कोरी करकरीत वस्तू काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या भाऊसाहेब, तुमच्या पुटरला लावा," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती वस्तू म्हणजे पुटरची ग्रिप होती. पुटर ही गोल्फमधली शेवटची काठी. चेंडू होलच्या जवळ आला की तिनं त्याला हळूच आत ढकलायचं, त्या फटक्याला पुट म्हणतात. तिच्या मुठीवर रबराचं आवरण असतं, ते साधारण अंगठ्याएवढं जाड. हे आवरण मात्र चांगलं राजेळी केळ्याएवढं होतं, पुढून चपटं आणि मागून गोल.

"कुठून आणलं?" मी विचारलं.

"पोरीनं धाडलंय पुण्यावरनं."

"तुमच्यासाठी धाडलं ना? मग मला का?"

"माझ्या हाताला न्हाई बसत."

वेष्टन तर फोडलेलंही नव्हतं. न फोडताच ते हाताला बसत नाही, हे या माणसाला कळलं कसं? मी विचारलं नाही, पण लक्षात ठेवलं. भिंगारला एका लष्करी भांडारात मी चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. आलेली वस्तू कुठून आली, का आली आणि कुणाच्या सांगण्यावरून आली, हे कळल्याशिवाय ती मांडणीवर ठेवायची नाही, ही सवय हाडात भिनलेली. घरातही तेच. शेजारणीनं वाटीभर खीर पाठवली तरी आज काय विशेष, हे मला आधी कळायला लागतं. बायको म्हणते, तुम्हाला स्वर्गात घेतलं तरी तुम्ही दारात उभे राहून चौकशी कराल.

गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवळ येते. आमच्याकडं बाभळी, मुरूम आणि टिटव्या. नगरच्या कोरड्या माळावर हिरवळ जगवायला पाणी कुठलं? त्यामुळं होलभोवती गवताऐवजी वाळूचं गोल अंगण असतं. त्या वाळूत जळकं तेल मिसळलेलं असतं, म्हणजे ती उडत नाही. त्याला ब्राऊन म्हणतात. वाळूवर पावलं उमटतात, म्हणून पुट मारण्याआधी चेंडूपासून होलपर्यंतची वाट काथ्याच्या चटईनं सपाट करायची. चटईच्या एका टोकाला लाकडी दांडी आणि दोरी असते. आमच्यात रीत अशी की पुट मारणाऱ्यानं चटई ओढायची नाही, जोडीदारानं ओढायची. मारणारा तोवर उभा राहून अंदाज घेतो. दुसऱ्यासाठी स्वच्छ वाट करून देणं हा तिथं सभ्यपणा समजला जातो.

नोकरीत असताना एका साहेबांनी बदलीच्या वेळी आपल्या जुन्या काठ्या माझ्या गळ्यात मारल्या, तेव्हापासून मी खेळतो. सुभेदार माझ्या आधीपासून. ते पाथर्डीकडच्या खेड्यातले. आईबाप ऊस तोडायला जायचे, त्यांच्याबरोबर हेही देवळाली प्रवरेच्या बाजूला जायचे, आणि फौजेत भरती होईपर्यंत तिथंच एका बागायतदाराच्या उसाला पाणी धरायचे. निवृत्तीनंतर भिंगारला घर घेतलं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलगी पुण्यात असते. रोज सकाळी आम्ही दोघं नऊ होल खेळायचो आणि हरणाऱ्यानं टपरीवर चहा पाजायचा. दोघंही चिकट असल्यामुळं खेळ चुरशीचा व्हायचा.

पण दिवाळीच्या आसपास माझं काहीतरी बिघडलं. तीन-चार फुटांवरचे पुट चुकायला लागले. लांबचे फटके ठीक जायचे, आणि होलच्या तोंडाशी येऊन चेंडू डावीकडं नाहीतर उजवीकडं सटकायचा. मी पुटरला दोष दिला, मग बुटांना, मग सकाळच्या तिरप्या उन्हाला. एकदा तर सुभेदार माझ्या मागं मुद्दाम खाकरतात अशी माझी खात्री झाली होती आणि मी त्यांना तसं सुनावलंही. ते काही बोलले नाहीत. एरवी ऐकून घेणारा माणूस नाही तो, पण त्या दिवशी गप्प राहिले. तेही मी लक्षात ठेवलं.

खरं कारण मला माहीत होतं. पुटर चेंडूमागं टेकवला की माझा उजवा अंगठा आपोआप हलायला लागायचा. थोडासाच. मी मूठ घट्ट आवळली की तो कंप मनगटात जायचा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, सही जुळत नाहीये, परत करा." परत केली. ती आणखीच बारीक आली. मी तिच्याशी भांडलो, तुमचं मशीन बिघडलंय म्हणालो, आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

माझे वडील पारनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांचं अक्षर असं बारीक होत गेलं होतं. फळ्यावरची ओळ डावीकडून मोठी सुरू व्हायची आणि उजवीकडं जाईपर्यंत मुंगीएवढी व्हायची. मग खडू पडायला लागला. शेवटी शेवटी ते घरीच असायचे तेव्हा आईनं त्यांच्या चमच्याच्या दांडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून जाड मूठ केली होती, म्हणजे त्यांना तो धरता यावा. आम्ही मुलांनी विचारलं तर ती म्हणायची, "चमचा गुळगुळीत आहे मेला, निसटतो." घरात त्या दुखण्याचं नाव कुणी उच्चारलं नाही. वडिलांनी तर कधीच नाही.

म्हणून ती जाड ग्रिप हातात आली तेव्हा मला गोल्फ आठवलाच नाही. मला तो चमचा आठवला. आणि मी मनात म्हणालो, याला कुणी सांगितलं?

चार दिवस ती ग्रिप मी कपाटात ठेवली. मग बायकोची परीक्षा घ्यावी म्हणून ती सहज टेबलावर टाकली. बायकोनं उचलली, लाटण्यासारखी तळहातात फिरवली आणि म्हणाली, "हातात छान बसते हो." बस्स. हे काय आहे, कुणी दिलं, आता आणखी काय नवं खूळ, यातलं एकही वाक्य नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या खेळावर टोमणा मारल्याशिवाय तिनं एक वस्तू घरात येऊ दिली नव्हती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

शेवटी एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून जुनी ग्रिप ब्लेडनं कापून काढली. दांडीला दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळली, नव्या ग्रिपमध्ये थोडं पेट्रोल ओतून ती वरून सरकवली. सरकवताना दांडी कुणीतरी धरावी लागते. मी काही म्हणायच्या आत बायकोनं ती धरली होती. पेट्रोलच्या वासानं तिचं डोकं दुखतं, एरवी स्कूटरजवळही उभी राहत नाही. त्या दिवशी पदरानं नाकही झाकलं नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच ब्राऊनवर पाच फुटांचा पुट आत. दुसऱ्यावर चार फुटांचा आत. सातव्यावर तर पुरुषभर लांबीवरून चेंडू असा सरळ गेला की मीच मागं वळून पाहिलं, मारला कुणी?

"बघा," सुभेदार म्हणाले, "मूठ जाड आसली की बोटांचा चावटपना बंद. समदं काम खांद्यानं हुतं."

हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण जाड मुठीला अंगठा नुसता टेकून राहतो, त्याला पकड घ्यावी लागत नाही. दीड महिना मी जिंकत होतो आणि सुभेदार चहा पाजत होते. न कुरकुरता पाजत होते, वर एखाद्या दिवशी भजीसुद्धा. मला आनंद झाला नव्हता असं म्हणणार नाही. घरी येताना मी स्कूटरवर चक्क शीळ घालायचो. वडिलांचं दुखणं वेगळं, आपली नुसती मूठ बारीक होती, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. देव पावला, तोही रबराच्या रूपानं.

पण स्वभावाला औषध नसतं. मी घरी सतरंजी अंथरली, स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि त्याच पुटरनं चार फुटांवरून मारायला लागलो. दहातले सात बाहेर. सतरंजीला सुरकुत्या असतील म्हणून जमिनीवर मारले, तेही बाहेर. ब्राऊनवर चुकत नाही आणि घरी जमत नाही, हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना.

मग मार्चच्या शेवटी सुभेदार लग्नासाठी गावाला गेले. मी एकटाच गेलो. जोडीदार नसल्यामुळं चटई स्वतःच ओढली, पुटर टेकवला, अंगठा जाड मुठीवर ठेवला. चेंडू होलच्या वीतभर बाजूनं निघून गेला. पुढच्या ब्राऊनवरही तेच. पाच होल खेळून मी बाभळीखाली बसलो. ग्रिप तीच, पुटर तोच, वाळू तीच. नव्हते फक्त सुभेदार.

ते परत आले त्या सकाळी मी ठरवलं, आज त्यांच्यावरच नजर ठेवायची. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ते चटई ओढत असताना मी इतके दिवस त्यांच्याकडं बघतच नव्हतो. मी त्या वेळी माझ्या हातांकडं बघत असायचो.

पहिल्या ब्राऊनवर त्यांनी चटई दोनदा सपाट ओढली, सगळे ओढतात तशी. तिसऱ्या फेरीला मात्र ती दुमडून अरुंद केली, दोरी आखूड धरली आणि कमरेत वाकून दांडीचा भार मधोमध देत, हळूहळू, होलपासून माझ्या चेंडूपर्यंत मागं मागं येत गेले. वाळू दोन्ही अंगांना सरकत होती. मी पुट मारला. आत गेला. दुसऱ्या ब्राऊनवरही तेच झालं.

तिसऱ्यावर मी म्हणालो, "सुभेदार, चटई खाली ठेवा."

मी गुडघ्यांवर बसलो आणि वाळूवर तळहात ठेवला. डोळ्यांना दिसत नव्हतं पण हाताला लागत होतं. चेंडूपासून होलपर्यंत नखभर खोल, सरळ, सुंदर पाट काढला होता. उसाच्या सरीत पाणी न्यायला काढतात तसा. त्यात कुणीही चेंडू सोडला असता तरी तो होलात जाऊन पडला असता.

"हे काय आहे?"

सुभेदार दोरी हातात धरून उभे होते. "काय म्हंजे? वाट केली."

"वाट नाही, हा पाट आहे. किती दिवस चाललंय?"

त्यांनी दोरी दांडीला गुंडाळली. "ग्रिप लावली तवापासनं."

"म्हणजे ग्रिपनं काही होत नाही?"

"आता काय म्हाईत. पोरगी म्हनली, हात हालनाऱ्यास्नी जाड मूठ बरी पडती. पर माझा काय तिच्यावर भरवसा न्हवता. म्हनून मंग जरा..."

"कुणाचा हात हलतो?" मी ओरडलो. एवढ्या जोरात, की टिटवी उठून गेली.

सुभेदार माझ्या उजव्या हाताकडं बघत होते. मी पुटर धरून उभा होतो आणि त्याचं पातं माझ्याच बुटाच्या टोकावर टक टक टक वाजत होतं. मला थांबवता येईना. मी पुटर वाळूत टाकून दिला.

"हिनं सांगितलं ना तुम्हाला?"

"कुनी न्हाई सांगितलं. दिवाळीच्या फराळाला आल्तो तुमच्याकडं. तुमी मला चहा दिला तवा बशी वाजत हुती. वहिनी खिडकीबाहीर बघत हुत्या. तितं काय बी न्हवतं बघन्यासारखं. तवाच म्हनलं, त्यास्नी बी ठावं हाय."

दीड महिना हा माणूस माझ्यासाठी मुद्दाम हरत होता, मी जिंकलो म्हणून शिळा घालत होतो, आणि माझी बायको खिडकीबाहेर बघत होती. सगळ्या जगाची झडती घेणारा मी, आणि माझ्याच नाकाखाली हे चाललेलं. "मला तुमची दया नको," मी म्हणालो.

"दया कशाची आलीया?" सुभेदारही आता चिडले. "आक्टोबरपासनं बघतुय मी. एकेक पुट चुकला की तुमी पिशवी अशी बांधायचा, जनू उद्या येनारच न्हाई. तुमी सोडला आस्ता ना खेळ, तर मी सकाळचं कुटं जायाचं? घरात नुस्त्या भिंती हायती. त्यांच्यासंगं खेळू?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझीच गरज हुती, भाऊसाहेब."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे आम्ही दोघंही. मी चटई उचलली. रीत मोडून, माझ्या पुटसाठी मीच ती ओढली, दोनदा, सपाट. पाट बुजला. मग पुटर उचलला, झटकला आणि मारला. पहिला वीतभर बाजूनं गेला. दुसरा होलच्या काठाला लागून फिरला. तिसरा आत पडला. जवळचा चेंडू असला की एरवी आम्ही "दिला" म्हणून, म्हणजे तो गेलाच असं धरून, सोडून देतो. सुभेदार होलातला झेंडा काढून धरून उभे होते, पण एकदाही "दिला" म्हणाले नाहीत. त्याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"तीन पुट," मी म्हणालो.

"तीन," ते म्हणाले आणि आपल्या चेंडूकडं गेले. मी त्यांच्यासाठी चटई ओढली.

त्या दिवशीचा चहा मी पाजला. टपरीवाल्यानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, काहीतरी अघटित घडल्यासारखं.

घरी आलो तर बायकोनं नेहमीप्रमाणं स्टीलच्या पेल्यात चहा आणून ठेवला. दिवाळीनंतर आमच्या घरातल्या कपबश्या माळ्यावर गेल्या होत्या. कप फार फुटतात, असं ती म्हणाली होती. एकही कप फुटलेला मी पाहिला नव्हता. घरातली ही एवढी एकच गोष्ट होती जिची मी चौकशी केली नव्हती, कारण पेल्याला बशी नसते आणि मला ते सोयीचं होतं.

"कपबशीत दे," मी म्हणालो.

"आता कुठं माळ्यावर चढू?"

"मी काढतो."

स्टुलावर चढून मी एक कप आणि एक बशी खाली काढली. तिनं ती धुतली, पेल्यातला चहा कपात ओतला आणि कपबशी माझ्यासमोर धरली. मी उजव्या हातानं बशी घेतली. ती वाजायला लागली. मी लगेच टेबलावर ठेवली नाही, दिवाळीत ठेवली होती तशी. वाजू दिली. या वेळी तिनं खिडकीकडं पाहिलं नाही.

"माझा हात हलतो," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो, मनातसुद्धा.

"हो," ती म्हणाली.

"बाबांसारखाच."

"ते डॉक्टर सांगतील. तुमच्या बाबांना कुणी नेलंच नाही कधी. ते बोलले नाहीत आणि सासूबाई मला अखेरपर्यंत सांगत होत्या, चमचा गुळगुळीत आहे म्हणून." तिनं ओट्याकडं बोट केलं. "मी त्या दिवशी ती दांडी धरून बसले होते ना, पेट्रोलच्या वासात, तेव्हा मला सारखं वाटत होतं की मीही चिंधीच गुंडाळतेय."

चहा बशीत सांडत होता. थोडा माझ्या पायजम्यावर पडला, चांगलाच गरम होता.

"शुक्रवारी जाऊ," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ती समोर बसली आणि मी चहा संपवेपर्यंत तिनं बशी माझ्या हातातून काढून घेतली नाही.